छिन्नमानस आणि साहित्यनिर्मिती

छिन्नमानस या मनोविकाराने ग्रस्त असलेल्या व्यक्तीने कथा, कादंबरी, कविता इ. ललित लेखन करणे, त्या लेखनावर विकाराचा व उपचारांचा होणारा परिणाम आणि अशा लेखनाकडे पाहण्याची समाजाची व समीक्षेची दृष्टी, यांचा विचार या नोंदीत केला आहे. वेड आणि प्रतिभा यांचे सख्य आहे, हा समज फार जुना आहे. त्याच्या जोडीने वेडा मनुष्य अर्थपूर्ण असे काही लिहूच शकत नाही, हा उलट समजही तितकाच रूढ आहे. हे दोन्ही समज वस्तुस्थितीला धरून नाहीत आणि दोहोंमुळे रुग्णाची हानी होते.

विकाराचे स्वरूप : ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये योजिली. मनाच्या विचार, भावना, इच्छा इ. व्यापारांतील सुसंवाद भंगणे, हा तिचा आशय आहे. एका देहात दोन व्यक्ती नांदणे, असा ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ या शब्दातून जो अर्थ घेतला जातो, तो चुकीचा आहे. तो विकार वेगळा. छिन्नमानसाची लक्षणे साधारणतः तीन गटांत विभागतात. पहिल्या गटात निर्वस्तुभ्रम (बोलणारे कोणी नसताना आवाज ऐकू येणे इ.), संभ्रम (पुराव्यानेही न ढळणारी विपरीत समजूत) व विचारांची विसंगती यांचा समावेश होतो. दुसऱ्या गटात उत्साह, इच्छा, बोलणे व भावाविष्कार यांची क्षीणता येते. तिसऱ्या गटात अवधान, कार्यकारी स्मृती व नियोजनशक्ती यांची न्यूनता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सु. २ कोटी ४० लक्ष लोकांना, म्हणजे दर ३०० व्यक्तींमागे सु. एकीला, हा विकार आहे. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आगेमागे आणि स्त्रियांमध्ये त्यानंतर काही वर्षांनी प्रकट होतो. हेच वय पहिली कविता छापून येण्याचे, पहिल्या कादंबरीचा आराखडा मनात घोळण्याचे असते. त्यामुळे विकाराचा घाला लेखनाच्या आरंभावरच पडतो.

लेखकाच्या दृष्टीने आवाज व संभ्रम हीच मुख्य अडचण असेल, अशी सामान्य कल्पना असते. प्रत्यक्षात दुसऱ्या व तिसऱ्या गटातील लक्षणे लेखनाला अधिक काळ अडवून धरतात. आवाजांचा जोर औषधाने पुष्कळदा कमी होतो. परंतु टेबलाशी बसण्याची इच्छाच न होणे, लिहिलेला परिच्छेद वाचून संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरणे, पात्रे व घटना यांचा हिशेब डोक्यात न राहणे, या गोष्टी मागे उरतात. कवितेपेक्षा कादंबरी कठीण जाते, ती याच कारणामुळे.

भाषा व विचार : विकाराच्या तीव्र अवस्थेत विचारांचे दुवे सैल होतात. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर अर्थाऐवजी नादाच्या साम्याने उडी पडते, नवे खाजगी शब्द घडविले जातात आणि वाक्य मूळ दिशा सोडून भलतीकडे जाते. यमक, अनुप्रास, रूपक व नवशब्दनिर्मिती ही तर काव्याची साधने होत. तेव्हा विकृत भाषा व काव्यभाषा यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न निर्माण होतो. या बाबतीत तीन कसोट्या उपयोगी पडतात : शब्दाची निवड लेखकाच्या स्वाधीन आहे काय; लिहिलेले पुन्हा वाचून तो त्यात काटछाट करू शकतो काय; आणि वाचक नावाच्या दुसऱ्या माणसाचे भान त्याने ठेवले आहे काय. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस आणि त्याची मनोरुग्ण कन्या लूचिया यांच्या संदर्भात, दोघेही एकाच नदीच्या तळाकडे जात आहेत, पण पिता सूर मारतो आहे व कन्या बुडते आहे, अशा आशयाचा भेद कार्ल युंग यांनी केल्याचे जॉइसच्या चरित्रात नमूद आहे. हा भेद मार्मिक असला, तरी तो दोन व्यक्तींतील कायमचा भेद मानणे बरोबर नाही. एकच व्यक्ती एका महिन्यात बुडत असते आणि पुढील महिन्यात सूर मारू शकते. विकाराची तीव्रता ओसरल्यावर तीव्र अवस्थेतील नोंदींना ती घाट देऊ शकते. पुनर्लेखन हे अशा लेखकाच्या बाबतीत अलंकरण नसून निर्मितीचा गाभाच ठरते.

लेखकाला पात्रांचे आवाज ऐकू येणे, हे मात्र विकाराचे लक्षण नव्हे. इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिंबरो ग्रंथमहोत्सवातील १८१ लेखकांची पाहणी करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. तीत ६३ टक्के लेखकांनी लिहीत असता पात्रांचा आवाज ऐकू येतो, असे सांगितले. निरोगी लेखकाला हा आवाज आपल्या कल्पनेतला आहे याची जाणीव असते. रुग्णाला तो बाहेरून, परक्याच्या सत्तेने आल्यासारखा वाटतो. तो आज्ञा करतो, धमकावतो व काम थांबविल्यावरही थांबत नाही.

प्रतिभा व वेड यांचा संबंध : इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी एकोणिसाव्या शतकात प्रतिभा ही विकृतीच असल्याचे मत मांडले, त्यास शास्त्रीय आधार नव्हता. विसाव्या शतकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रीअसन यांनी आयोवा येथील लेखन कार्यशाळेतील ३० लेखकांची तुलना तितक्याच इतर व्यक्तींशी केली (१९८७). लेखकांपैकी ८० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी भावस्थितीचा विकार (अवसाद, उन्माद-अवसाद) झाला होता. इतरांत हे प्रमाण ३० टक्के होते. छिन्नमानसाचा मात्र लेखकांत एकही रुग्ण आढळला नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेने सु. ११ लक्ष ७० हजार रुग्णांच्या नोंदींच्या आधारे केलेल्या अभ्यासात (२०१३) चित्र काहीसे निराळे दिसले. सर्जनशील व्यवसायांत एकूण मनोविकार अधिक नव्हते, छिन्नमानस रुग्णांचे निकटचे निरोगी आप्त मात्र त्या व्यवसायांत अपेक्षेपेक्षा अधिक होते. आणि लेखक या एका वर्गात छिन्नमानसासह अनेक विकारांचे व आत्महत्येचे प्रमाण वाढलेले होते. यावरून विकारामुळे प्रतिभा येते, असा निष्कर्ष निघत नाही. कल्पनेच्या स्वैरतेस अनुकूल असा काही सौम्य स्वभावविशेष कुटुंबात असू शकतो आणि विकार पूर्णत्वाने प्रकट झाल्यावर तो त्या कल्पनेला बहुधा मारकच ठरतो, एवढेच म्हणता येईल.

काही लेखकचरित्रे : जर्मन कवी फ्रीड्रिख हल्डरलीन (१७७०–१८४३) याने आयुष्यातील अखेरची ३६ वर्षे ट्यूबिंगेन येथे एका सुताराच्या कुटुंबात, नदीकाठच्या मनोऱ्यात काढली. त्या काळातील त्याच्या लहान, वृत्तबद्ध कवितांपैकी काही ‘स्कार्दानेल्ली’ या नावाने सही केलेल्या आहेत. स्विस कथाकार रोबेर्ट व्हाल्झर (१८७८–१९५६) यास १९२९ मध्ये मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. कागदाच्या कपट्यांवर अतिसूक्ष्म पेन्सिल-अक्षरांत लिहिलेली त्याची ५२६ पाने मृत्यूनंतर अनेक वर्षांनी वाचली गेली. १९३३ मध्ये त्यास इच्छेविरुद्ध दुसऱ्या संस्थेत हलविल्यानंतर त्याचे लेखन थांबले. लेखन केवळ विकारानेच थांबते असे नाही, जागा, सवय व स्वातंत्र्य हिरावल्यानेही ते थांबते, हे या चरित्रावरून ध्यानात येते.

न्यूझीलंडमधील लेखिका जॅनेट फ्रेम (१९२४–२००४) हिचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिला छिन्नमानस असल्याचे निदान करून अनेक वर्षे मनोरुग्णालयांत ठेवण्यात आले व मेंदूवरील शस्त्रक्रियाही ठरविण्यात आली. त्याच सुमारास तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याचे वृत्त आले आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढे लंडनमधील तज्ज्ञांनी, तिला छिन्नमानस कधी नव्हताच, असा निर्वाळा दिला. अर्थात एका पारितोषिकाने एक मेंदू वाचला, यात समाधानापेक्षा खेदाचाच भाग मोठा आहे. पारितोषिक न मिळालेल्या रुग्णांच्या बाबतीत काय झाले असेल, याचा विचार त्यामुळे अटळ ठरतो.

भारतीय साहित्यात बंगाली कवी विनय मजुमदार (१९३४–२००६) यांचे जीवन या संदर्भात उल्लेखनीय आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या कवीला अनेक वेळा मनोरुग्णालयात राहावे लागले. तरी काव्यलेखन चालू राहिले आणि २००५ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उलट काझी नझरूल इस्लाम यांचे १९४२ मधील आजारपण ‘कवीचे वेड’ समजले गेले. १९५३ मध्ये व्हिएन्ना येथील तज्ज्ञांनी तो मेंदूच्या ऱ्हासाचा रोग असल्याचे निदान केले. कवीच्या प्रत्येक विचित्र वर्तनाला एकच नाव देणे किती चुकीचे ठरते, हे यावरून दिसते. महाराष्ट्रात पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांनी छिन्नमानसासह जगण्याचा स्वानुभव फॉलन, स्टँडिंग (२०१५) या इंग्रजी पुस्तकात मांडला आहे.

मालवण किनारा व मराठी साहित्य : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीने मराठीला जे ललित साहित्य दिले, त्यात मनाच्या विघटनाचे चित्रण ठळकपणे आढळते. वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभु (१९३०–७६) यांच्या कोंडुरा (१९६६) या कादंबरीत एका दरिद्री गृहस्थास गूढ शक्तीचा साक्षात्कार होतो. आपण निवडले गेलो आहोत, या श्रद्धेतून तो वागू लागतो आणि त्यातून अनर्थ ओढवतो. साक्षात्कार खरा की मनाचा खेळ, याचा निवाडा लेखक करीत नाही. आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–९४) यांनी आपल्या अंधाराच्या पारंब्या या कादंबरीवरून लिहिलेल्या बॅरिस्टर (१९७७) या नाटकात, घराण्यात वेडाचा वारसा असल्याच्या भीतीखाली जगणारा सुसंस्कृत पुरुष अखेरीस त्या गर्तेत पडतो. या दोघा लेखकांनी वेडाकडे करुणेने पाहिले. त्यांच्या कृतींवरून त्यांच्याच मनःस्वास्थ्याचे निदान करू पाहणे मात्र अयुक्त होय. कथेतील वेड ही कलावंताने जाणीवपूर्वक घडविलेली वस्तू असते.

बॅरिस्टर मधील आनुवंशिकतेची अटळता नाट्यदृष्ट्या परिणामकारक असली, तरी वैद्यकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. आईवडिलांपैकी एकास छिन्नमानस असल्यास अपत्यास तो होण्याचा संभव सु. दहांत एक इतका असतो; म्हणजे बहुसंख्य अपत्ये त्यापासून मुक्त राहतात. एकबीज जुळ्यांपैकी एकास विकार असतानाही दुसऱ्यास तो होतोच असे नाही. हे प्रमाण सु. निम्मे किंवा त्याहून कमी आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या मराठी चित्रपटात कोकणातील देवराईच्या ध्यासाने झपाटलेल्या छिन्नमानस तरुणाचे चित्रण असून त्यात अटळ शोकांतिकेऐवजी उपचार व कुटुंबाचा आधार यांवर भर आहे. पुण्याच्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’चे प्रवर्तक जगन्नाथ वाणी यांचा या चित्रपटाच्या निर्मितीस हातभार लागला.

आवाज कोणत्या रूपात येतात, हे बऱ्याच अंशी संस्कृतीवर अवलंबून असते. अमेरिका, आक्रा (घाना) व चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या तौलनिक अभ्यासात (२०१५) अमेरिकन रुग्णांचे आवाज बव्हंशी हिंसक व परके होते, तर चेन्नईतील अनेकांना नातलगांचे, घरकामाची सूचना देणारे आवाज ऐकू येत. मालवणी मुलखात देवचार, कौल, गाऱ्हाणे, अंगात येणे यांची जिवंत परंपरा असल्याने येथील रुग्णाचा अनुभवही त्याच प्रतिमांतून बोलतो. लेखकाच्या हाती ही प्रतिमासृष्टी मोलाची ठरू शकते. मात्र ‘बाधा’ समजून केवळ देवस्कीवर विसंबल्यास उपचार लांबतात आणि पहिल्या झटक्यानंतरचा विलंब जितका अधिक, तितकी सुधारणा कठीण होते. देवळात गाऱ्हाणे घालणे आणि डॉक्टरकडे जाणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. एकामुळे दुसरे टळू नये, इतकेच.

औषधोपचार व लेखन : १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझीन या औषधाचा उपयोग सुरू झाल्यापासून पुष्कळ रुग्णांना घरी राहून जगणे शक्य झाले. औषधाने प्रतिभा मरते, या भीतीने ते सोडून देण्याचा मोह लेखकास विशेष होतो. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. झापड, हातांचा कंप, एका जागी बसू न देणारी अस्वस्थता व भावनांचा बोथटपणा हे परिणाम काही औषधांनी खरोखरच होतात. तथापि ६५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार (२०१२) औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सु. २७ टक्के रुग्णांत, तर ते थांबविणाऱ्यांपैकी सु. ६४ टक्के रुग्णांत वर्षभरात विकार उलटला. प्रत्येक झटक्यानंतर अवधान व कार्यशक्ती पूर्वपदावर येण्यास वेळ लागतो आणि कधीकधी त्या पूर्णपणे परत येत नाहीत. झटक्याच्या भरात लिहिलेल्या चार पानांसाठी पुढील वर्षभराचे लेखन गमावणे, असा हा व्यवहार ठरतो. यावर उपाय औषध सोडणे हा नव्हे. ‘मला सकाळी दोन तास लिहावयाचे असते’ हे डॉक्टरला स्पष्ट सांगून मात्रा, घेण्याची वेळ अथवा औषधाचा प्रकार बदलून घेणे, हा होय.

लेखन हे औषधाला पर्यायही नव्हे. युनायटेड किंग्डममध्ये ४१७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१२) सामूहिक कलोपचाराने लक्षणांत वा कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. लेखनाचे मूल्य निराळे आहे. ‘रुग्ण’ या एकाच ओळखीने ग्रासलेल्या माणसाला त्यामुळे ‘लेखक’ ही दुसरी ओळख मिळते आणि दिवसाला आकार येतो.

लेखनाची रीत : विकाराच्या मर्यादा ध्यानात घेऊन कामाची पद्धत बेतल्यास पुष्कळ अडचणी कमी होतात. रोज ठरावीक वेळी, थोडाच काळ, एकाच जागी बसणे. दीर्घ कथेचे स्वतंत्रपणे पुरे करता येतील असे लहान तुकडे पाडणे. पात्रांची नावे, वये व घटनाक्रम कागदावर लिहून समोर ठेवणे. काम थांबविताना पुढचे वाक्य टिपून ठेवणे. पहिला खर्डा तारीख घालून बाजूला ठेवणे व काही आठवड्यांनी वाचणे, या रीती उपयुक्त ठरतात. स्मृतीवर पडणारा भार कागदावर टाकणे, हे त्यांमागील तत्त्व आहे. अनियमित झोप व जागरण हे झटक्यास निमंत्रण देणारे असल्याने रात्री जागून लिहिण्याची रूढ कविकल्पना येथे त्याज्य होय. गांजाचेही तसेच; तो छिन्नमानसाचा धोका वाढवितो आणि असलेला विकार बळावतो. एकाएकी अखंड, झपाट्याने होऊ लागलेले लेखन, विशेषतः त्यासोबत झोप उडाली असल्यास, स्फूर्तीचे नव्हे तर झटक्याचे पूर्वचिन्ह असू शकते. विश्वासातील एका वाचकाला हे ओळखण्याचा व सांगण्याचा अधिकार आधीच दिलेला असावा.

कुटुंब, संपादक व कायदा : रुग्णाच्या वह्या ‘वेडाचे बाड’ समजून जाळणे किंवा रद्दीत घालणे, असे प्रकार घरोघरी घडतात. याउलट लेखनात आलेला प्रत्येक मृत्यू किंवा छळ हे लक्षण समजून घाबरून जाणेही योग्य नाही. स्वतःला वा इतरांना इजा करण्याचा स्पष्ट मानस मात्र कधीही दुर्लक्षू नये. संपादकाने लेखन त्याच्या गुणांवरच स्वीकारावे वा नाकारावे. दयेने छापलेली सुमार कविता लेखकाचा अवमानच करते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २०१८ पासून) या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यानुसार मनोविकाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती विकलमनस्क ठरत नाही; तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक असून रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा माहिती प्रसारमाध्यमांना देता येत नाही. ‘मनोरुग्ण कवी’ म्हणून कोणाची प्रसिद्धी करताना हे स्मरणात ठेवणे अवश्य आहे. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याचे आगाऊ निर्देशपत्र लिहून ठेवण्याचा व प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. कागद व पेन्सिल जवळ राहू द्यावी, वह्या अमुक व्यक्तीच्या ताब्यात द्याव्यात, अशा इच्छाही लेखकास त्याबरोबर नोंदवून ठेवता येतील.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रुग्णांना रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालय आणि गोव्यातील बांबोळी येथील मनोरुग्ण संस्था या मोठ्या संस्था तुलनेने जवळच्या आहेत. तथापि किनाऱ्यावरील गावांहून हे अंतरही थोडे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे उपचार जिल्ह्याच्या पातळीवर आले असून, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकाच्या ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवेद्वारे मराठीतूनही सल्ला मिळतो. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर (स्थापना १८५२) यांसारखी जुनी ग्रंथालये व १९९१ मध्ये स्थापन झालेली कोकण मराठी साहित्य परिषद यांमुळे या भागात लेखक-वाचकांचे मेळावे नवे नाहीत. अशा मेळाव्यांत छिन्नमानस असलेल्या व्यक्तीला कुतूहलाचा विषय न करता इतरांसारखीच एक खुर्ची, इतरांइतकाच वेळ आणि इतरांसारखेच परखड परीक्षण मिळाले, तर तिच्यातील लेखक टिकून राहण्यास ते मोठे साहाय्य होय.